घोडा परत करायची चाल

फुकटात घोडा देणाऱ्याला बुद्धिबळात लोक येडा म्हणतात. म्हणू देत. मला तो डाव आवडायचा म्हणजे आवडायचा. चौथ्याच चालीला आपला घोडा समोरच्याच्या प्याद्यावर घालायचा. तो मरतो. मग आपली मधली प्यादी सुटतात आणि त्याच्या दोन्ही घोड्यांना पटभर पळवतात. काय मजा येते म्हणून सांगू! ऑफिसात डबा खाताना मी मोबाइलवर हाच डाव उसवत बसायचे. मोबाइलमधलं बुद्धिबळाचं इंजिन दर वेळी सांगायचं, बाई, तू हरते आहेस. गप रे, म्हणायचे मी.

घरी समोर बसायचे माझे सासरे. अख्खं आयुष्य मुलुंडला गेलं, पण बोलणं अजून मालवणी. मी पहिल्यांदा हा डाव टाकला, माझं प्यादं त्यांच्या घोड्यावर चालून गेलं, तर त्यांनी घोड्याला हातच लावला नाही. हनुवटी खाजवली आणि उंट बाहेर काढला. "घे तुझो घोडो तुका परत," म्हणाले. त्यांचा घोडा मला मिळाला, हिशेब फिटला, पण हल्ल्यातली हवाच गेली. इंजिनाचंही उत्तर हेच, ते मी नंतर पाहिलं. बाबांनी चहा संपायच्या आत शोधलं होतं. मग मी रोज नवी खोडी शोधून आणायचे आणि रोज आपटायचे. "दुसरा काय येत नाय तुका?" म्हणून वर बाबा मला चिडवायचे.

यंदा एका सकाळी बाबा नाहूर स्टेशनकडे मासे आणायला गेले आणि परत आले ते शेजारच्या विंगमध्ये. तिथल्या लोकांशी भांडले, माझ्या घरात तुमचं काय काम म्हणून. नवरा म्हणाला, "वय झालंय गं, होतं असं." असा संताप आला मला! डॉक्टर म्हणाले, इतक्यात काही सांगता येत नाही, रोजच्या सवयीच्या गोष्टी विसरतात का, त्यावर लक्ष ठेवा.

रोजची गोष्ट माझ्याकडे एकच होती. संध्याकाळचा चहा झाला की मी पट मांडायचे आणि तोच डाव टाकायचे. उंट बाहेर आला की जीव भांड्यात पडायचा. मोबाइलवर नवं काही शोधणं मी बंदच केलं. त्यांना खरंच अवघड जाईल असं काही सापडलं तर? हरायला मी इतकी उतावीळ कधीच नव्हते.

"रोज तोच डाव काय खेळतेस? बदल ना जरा," नवरा म्हणाला.

"तू गप बस."

मग एका रविवारी माझं प्यादं घोड्यावर चालून गेलं आणि बाबांचा हात उंटापाशी आला. थांबला. तिथून सरकला आणि घोड्यावर गेला.

"बाबा, नीट बघा हं."

"बघलंय."

घोडा उचलून त्यांनी बाजूच्या घरात ठेवला. हात लावला की खेळायचंच, हा आमच्या घरातला त्यांचाच नियम. त्यामुळे मागे घ्या म्हणायची सोय नव्हती. माझी प्यादी सुटली, त्यांचे घोडे पळत सुटले. सगळं मला हवं होतं तस्संच होत होतं आणि मी नुसती पुढची चाल करत होते. मुद्दाम चुकावं एवढंसुद्धा मला सुचलं नाही. मात झाली.

"जिंकलंस मगे! तोंड असा कित्याक केलंस?" ते हसत होते.

मला राहवलं नाही. मोहरे मागे नेऊन मी तीच जागा पुन्हा मांडली. घोडा तसाच ठेवला आणि उंट बाहेर काढून दाखवला. बाबा वाकून बघत राहिले. बोटानं एकेक घर मोजलं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"झकास चाल गो! कोणाची?"

"तुमचीच, बाबा."