काकूंची चिमी आणि ठाण्यातला बाक

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे, की सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाण्याचा प्रभारी होतो, तिथं एका काकूंचं हरवलेलं मांजर शोधून दिलं आणि गल्लीनं माझा सत्कार केला. नोकरीत खून हाताळले, दरोडे हाताळले; त्यातले बरेच तपास आता पुसट झालेत. ही साधी तक्रार मात्र काल घडल्यासारखी समोर उभी राहते.

गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, माणसांचीही नाही. मांजराचं घ्यायला हरकत नसावी. तिचं नाव चिमी.

ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली होती. निम्म्या घरांतले कर्ते पुरुष सोनं गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात. घरं दुमजली, फरशा चकचकीत, आणि आत एखादंच म्हातारं माणूस. काकू त्यातल्याच. यजमान फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ते वारले होते. मुलगे लांब. एके सकाळी त्या ठाण्यात आल्या आणि ठाणे अंमलदाराच्या नाकासमोर मोबाइल धरला.

"ही बगा. पांढरीफेक, शेपूट तेवढी काळी. परवापास्नं घरला आली न्हाई."

अंमलदार म्हणाला, "काकू, माणूस हरवलं तर आम्ही नोंद घेतो."

"मग माणूस म्हणून लिवा. माझ्यासंगं दिवसभर बोलणारं दुसरं कोण हाय त्या घरात?"

आतल्या खोलीत मला हसू आलं. ते त्यांना ऐकू गेलं असावं. थेट माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आवं साहेब, हसा, पर आदी शोधून द्या. पोटुशी हाय ती. कुणी कुठं नेऊन टाकली आसंल तर पिल्लांसकट मरंल."

मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि बीट हवालदाराला गल्लीत पाठवलं. ठाण्यात त्या दिवशी चेष्टेला ऊत आला. कोणी म्हणालं, श्वानपथक मागवा. कोणी म्हणालं, मांजराच्या मागावर कुत्रं, पंचनामा जागेवरच होईल.

हवालदार दुपारी खबर घेऊन आला. काकूंच्या समोर एक गादीवाले चाचा राहत. कापूस पिंजून गाद्या भरायचा पिढीजात धंदा. गच्चीवर त्यांची कबुतरं. महिन्याभरापूर्वी चिमीनं त्यातलं एक मटकावलं होतं आणि चाचा भर गल्लीत म्हणाले होते, "पुन्ना गच्चीवर दिसली, तर पोत्यात घालून नदीपल्याड सोडून यीन." आमच्याकडे नको झालेलं मांजर असंच सोडतात. तोंड बांधलेल्या पोत्यात घालतात, म्हणजे परतीचा रस्ता त्याला दिसत नाही. आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं, चिमी दिसेनाशी झाली त्याच सकाळी, चाचांना सायकलवरून पोतं नेताना पाहिलं होतं.

"पोतं हलत हुतं म्हणतोय साहेब," हवालदार म्हणाला. "लय हलत हुतं."

हेतू होता, धमकी होती, साक्षीदार होता. खुनाच्या तपासातही कधी कधी एवढं हाती लागत नाही. मी चाचांना बोलावून घेतलं.

आले ते तसेच, अंगावर कापसाचे पुंजके घेऊन. मी विचारलं, "परवा सकाळी सायकलवर पोतं होतं. त्यात काय होतं?"

"कापूस, साहेब."

"कुठं नेत होता?"

"हितंच. पलीकडच्या गावात. दोस्ताकडं."

"तुम्ही इतकी वर्षं कापूस भरताय चाचा. कापूस हलतो का?"

त्यांनी मान खाली घातली. माणूस खोटं बोलला की त्याचा पाय बोलतो, हे मला जुन्या जमादारांनी शिकवलेलं. चाचांचा अंगठा फरशीवर रेघा ओढत होता. खोटं बोलत होते यात शंका नव्हती. मी आवाज चढवला. "मांजर कुठं सोडलंत?" त्यांनी शपथ घेतली, मांजराला हात लावला नाही म्हणाले. "मग पोत्यात काय होतं?" यावर ते बाहीवरचा कापूस निवडू लागले.

"बाहेर बसा. आठवलं की आत या," मी म्हणालो.

आमच्या ठाण्याचा बाक दाराशीच होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसे. चाचा दुपारभर तिथं बसले. शाळेतून परतणारी पोरं थांबून बघत होती. गल्लीतल्या बायका भाजीच्या निमित्तानं दोनदा जाऊन आल्या. मी खिडकीतून पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. चारचौघांनी बघितलं की माणूस लवकर फुटतो, ही आमची रीत. कागदावर अटक नाही, मार नाही, शिवी नाही. नुसतं बसवणं. गल्लीत दुसरा कोणी, एखादा मोठ्या घरचा असता, तर त्याला मी असा बसवला असता का, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मुद्देमाल कारकून धावत आला. दुसऱ्या दिवशी कोर्टात एका चोरीच्या खटल्याची तारीख होती, त्यातली जप्त तांब्याची तार काढायला त्यानं मुद्देमालाची खोली उघडली होती. ही खोली म्हणजे ठाण्यातली सगळ्यात बंदिस्त जागा. कोर्टानं मागितल्याशिवाय तिचं कुलूप कोणी काढत नाही.

"साहेब, जरा चला. कोणाला बोलू नका."

आत जप्त केलेल्या गुटख्याच्या पोत्यांची थप्पी होती. वरचं एक पोतं मऊ होऊन खोलगट झालेलं, आणि त्या खळग्यात पांढरी चिमी आडवी पडली होती. पोटाशी चार पिल्लं. मागच्या झरोक्याची जाळी एका बाजूनं फाटलेली. भिंतीपलीकडे काकूंचं परसदार. बाळंतपणासाठी निवांत जागा शोधत ती आली असणार, आणि सरकारी कुलपाइतकी निवांत जागा गल्लीत दुसरी नव्हती. चिमीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परवानगी न घेता आत शिरलो होतो. आम्ही गावभर शोधत होतो आणि मांजर आमच्याच ताब्यात होतं.

कारकून हसला. मीही हसलो. मग जाळीकडे लक्ष गेलं. मुद्देमालाच्या खोलीत मांजर शिरू शकतं, असं डायरीत लिहिलं की उद्या आरोपीचा वकील विचारणार, मग माणसाचा हात का शिरणार नाही? वरून खात्याची चौकशी लागणार, ती वेगळीच. मी कारकुनाला सांगितलं, "जाळी आजच्या आज बसवून घे. मांजर बाहेर सापडलं."

बाकापाशी जाऊन चाचांना म्हणालो, "जा तुम्ही घरी. मांजर मिळालं. पिल्लंही झालीत."

"मिळाली? पिल्लं बरी हायत न्हवं?" त्यांचा पहिला प्रश्न हा. मग चप्पल पायात सरकवत हळूच म्हणाले, "साहेब, कबुतरं हुती पोत्यात. दोस्ताला देऊन टाकली सगळी."

"का?"

"काकूंचं त्या मांजराबिगर कोण न्हाई. आन मांजर काय कबुतर सोडायचं न्हाई. रोजची कटकट नगं म्हटलं."

"मग मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"पोरांस्नी म्हटलंय, इकली म्हणून. फुकट दिली कळलं तर हसतील. आन काकूंच्या कानावर गेलं, तर त्यांना उगं वझं वाटंल. तुमी बी बोलू नगा."

टोपलीत चिमी आणि पिल्लं घेऊन मी स्वतः काकूंच्या दारात गेलो. काकू उंबऱ्यातच खाली बसल्या. पिल्लांना हात लावेनात, नुसत्या बघत राहिल्या. चिमीला म्हणाल्या, "टवळे, सांगून जायचं की गं." मग माझ्याकडे वळून, "कुठं घावली साहेब?"

"ठाण्याच्या कंपाउंडच्या मागं."

"म्हंजी त्यानंच कुणाकडनं तरी आणून टाकली. बाकावर बसवल्यावर घाबरला आसंल."

गल्ली जमली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी "नाही" म्हणायला हवं होतं. एक शब्द पुरेसा होता. मी टोपली खाली ठेवली आणि म्हणालो, "मिळाली ना, झालं तर मग."

त्या आठवड्यात गल्लीनं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. टाळ्या वाजवणाऱ्यांत चाचाही होते, कडेला उभे. कोणीतरी मागून म्हणालं, "चाचा, पोत्याला भोक ठेवा की पुढच्या टायमाला." सगळे हसले. चाचाही हसले. काकूंनी त्यांच्याकडे पाठ केली होती. काकूंच्या यजमानांच्या आजारपणात त्यांच्यासाठी खास मऊ गादी करून देणारा हाच माणूस, हे मला नंतर कळलं. बदली होईपर्यंत त्या दोन दारांमध्ये बोलणं झालेलं मी पाहिलं नाही.

आता साताऱ्यात राहतो. चिमीच्या एका पिल्लाला काकूंनी माझ्याकडे पाठवलं होतं, त्याच्या पोटची दोन मांजरं आज आमच्या ओसरीवर लोळत असतात. सकाळी पेपर वाचताना एक मांडीवर येतं. दिवस बरे चाललेत, तक्रार नाही.

या प्रकरणानं मला शिकवलं ते कोणत्याही प्रशिक्षणात नव्हतं. आरोपपत्र कोर्टात टिकलं नाही तर माणूस सुटतो. बाकावरून उठलेला माणूस मात्र सुटत नाही. त्याची सुटका लिहायला आमच्याकडे रकानाच नाही. ती ज्यानं बसवलं त्यानं चारचौघांत बोलूनच करावी लागते. पुढच्या नोकरीत मी चौकशीला बोलावलेल्या माणसाला आत, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवत गेलो. पण ते पुढच्यांसाठी झालं.

काकू आहेत, चाचाही आहेत, गल्लीही तिथंच आहे. चाचांनी काही केलं नव्हतं, मांजर आमच्या ठाण्याच्या कुलपाआड होतं, हे काकूंच्या दारात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायचं मी चाचांना देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.