ट्रक उचलण्याआधी

“बघ, नन परत जेवण थंड करतेय.”

हे शेजारच्या टेबलावरून आलं. बोलणारा योनास, आमच्याच प्लॅटूनचा ड्रायव्हर. नन म्हणजे मी. जेवणाआधी मी ओठ न हलवता प्रार्थना करत असे. डोळेही मिटत नसे. तरी त्याला कळायचं. त्या दिवशी पाणी आणायला उठले आणि परत आले, तर माझ्या ताटात दोन फ्राइजचा क्रूस ठेवलेला होता. अख्खं टेबल माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी दोन्ही फ्राइज खाल्ले, बाकीचं जेवण संपवलं आणि ट्रे ठेवून आले.

पुण्याचे नातेवाईक विचारतात, म्हणून आधी सांगते. आम्ही साळवे, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. बाबांना जर्मनीत एर्लांगेनमध्ये नोकरी लागली तेव्हा मी पुण्यात इंग्लिश मीडियमच्या नववीत होते. पुढे जर्मन पासपोर्ट मिळाला आणि मी इथल्या सैन्यात मेडिक म्हणून भरती झाले. तुकडीबरोबर राहणाऱ्या मेडिकला सगळे ‘सानी’ म्हणतात. आमचं बॅरक पूर्वीच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होतं. तिथल्या बहुतेक मुलांनी चर्च फक्त बाहेरून पाहिलेलं.

काम ठरलेलं होतं. पहाटे धावणं, मग गाड्यांची आणि औषधांच्या बॅगांची तपासणी, दुपारी प्रशिक्षण. आळीपाळीने गेटवर पहारा. एकदा माझी ड्यूटी योनासबरोबर लागली.

“बरं, नन, खरं सांग. तुझा येशू आत्ता इथे आहे?”

“आहे.”

“तुझ्या शेजारी?”

“शेजारी नाही. मी त्याच्यात आहे.”

“म्हणजे ट्रकमागचा ट्रेलर.”

“ट्रेलर सुटतो.”

“आणि तू मेलीस तर?”

“तो मेला त्यात मी मेले. तो उठला त्यात मी उठले. आता मरण आलं तरी मी त्याच्यातच असेन.”

“मेलेल्या बाईबरोबर गेटवर ड्यूटी. मस्त.”

दुसऱ्या दिवशी त्याने हे सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून मी ‘मेलेली नन’ झाले. कुणी दार उघडून आत आलं की म्हणे, “कसला वास येतोय?” हे काही आठवडे चाललं. मी तक्रार केली नाही.

फेब्रुवारीत जंगलात सराव होता. उताराचा रस्ता, त्यावर बर्फाचा पातळ थर. सकाळी नऊच्या सुमारास रेडिओ वाजला.

“बर्च दोन बोलतोय. ट्रक उलटला. एक जण खाली. सानी लगेच. ओव्हर.”

“सानी निघाली.”

योनासने घसरत्या ट्रकमधून उडी मारली होती आणि ट्रक त्याच बाजूला आडवा झाला होता. कमरेखालचा भाग ट्रकच्या कडेखाली होता. तो शुद्धीत होता. आमचा प्लॅटून सार्जंट क्रूगर त्याचं डोकं धरून बसला होता.

थंडीत सलाइन गोठू नये म्हणून आम्ही पिशव्या जॅकेटच्या आत, अंगाला लावून ठेवतो. एक मी त्याच्या हाताला लावली. मॉर्फिन दिलं. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. क्रेन निघाली होती. मी चार पावलं बाजूला जाऊन डॉक्टरशी रेडिओवर बोलले.

“ट्रकच्या वजनाने रक्त धरून ठेवलंय. उचललं की तो जाईल. जखमेच्या वर आवळपट्टा बांधायला जागा आहे?”

“नाही.”

“मग त्याच्याजवळ राहा. आउट.”

मी परत आले. योनासने माझ्याकडे पाहिलं.

“उचलल्यावर काय?”

“हॉस्पिटल,” क्रूगर म्हणाला.

“तुम्हाला नाही. ननला विचारतोय.”

“उचलल्यावर तू मरशील,” मी म्हणाले.

क्रूगरने मला शिवी दिली. योनासने दिली नाही. तो आधी रडला. मग आईला हाक मारली. मग दूरवर क्रेनच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला आणि त्याने माझी बाही पकडली.

“तू म्हणालीस ना, त्याच्यात. मला पण घे.”

“मी घेत नाही. तो घेतो. तुझा विश्वास आहे?”

“माहीत नाही. एकट्याने जायचं नाहीये मला.”

“त्याच्याकडे जायचंय?”

“हो. लवकर कर.”

एरवी बाप्तिस्मा पाळक देतात. समोरचा मरत असेल तर कुणीही बाप्तिस्मा घेतलेला माणूस देऊ शकतो, एवढं मला घरी शिकवलेलं होतं. बाटलीतलं पाणी गोठलेलं होतं. मी जॅकेटमधून सलाइनची दुसरी पिशवी काढली आणि कोपरा कापला.

“साळवे, ते औषध आहे,” क्रूगर म्हणाला.

“माहीत आहे.”

जर्मन शब्द तोंडात येईनात. मी मराठीत म्हटलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तीनदा त्याच्या कपाळावर ओतलं.

“गरम आहे,” योनास म्हणाला.

क्रेन आली. ट्रक उचलला. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच झालं.

सैन्याच्या पाळकांनी माझं ऐकून घेतलं आणि बाप्तिस्मा खरा आहे म्हणाले. कंपनी कमांडरनी वेगळं सांगितलं. “तो जागच्या जागी गेला, असं आईला कळवलंय. तेच राहू दे.”

निरोपाची परेड बॅरकच्या मैदानावर झाली. शवपेटीवर झेंडा आणि त्याचं हेल्मेट. आईच्या इच्छेप्रमाणे क्रूस कुठेही नव्हता. मी रांगेत उभी राहून पेटीकडे बघत होते. योनास तेवीस वर्षांचा होता. बर्फात त्याच्यासारखी गाडी आमच्यात कुणी चालवत नसे. माझ्याशी तो वाईट वागला. शेवटी त्याने माझीच बाही धरली.

त्याची आई, फ्राऊ लेमान, एकेकाशी हात मिळवत आली. माझ्यासमोर थांबली.

“मेडिक तुम्हीच ना? लगेच गेला तो?”

कमांडर तिच्या मागे उभे होते.

“नाही,” मी म्हणाले. तिने सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, बाप्तिस्माही.

“तो घाबरला होता आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात.”

“तो घाबरला होता. मागितलं त्यानेच.”

“मी तरुणपणीच सरकारी कचेरीत जाऊन चर्चमधून नाव काढलं. एक सही, एक शिक्का, झालं. माझा मुलगा कधी त्यांच्यात नव्हताच.” तिने माझा हात सोडला नव्हता. तिची बोटं फार थंड होती. “त्यालाही काढा. सही कुठे करायची ते सांगा, मी करते. काढा त्याला बाहेर.”

“साळवे, पुरे,” कमांडर म्हणाले.

ती वाट बघत होती. एक ‘बरं’ पुरलं असतं. माझा आवाज एरवी शेजारच्यालाही ऐकू जात नाही. त्या वेळी तो रांगेच्या टोकापर्यंत गेला, असं क्रूगरने नंतर सांगितलं.

“फ्राऊ लेमान, तो ख्रिस्तात आहे. तिथून त्याला कुणी काढू शकत नाही. त्याची आईसुद्धा नाही.”