समुद्राकडे पाठ

"एक... दोन..." इतकं म्हणून झालं आणि माझ्या लक्षात आलं, की सुजाता चुकीच्या मुलीकडे बघते आहे.

मुंबईत समुद्राच्या कठड्याजवळ आम्ही उभे होतो. तेरा आया आणि त्यांच्या तेरा मुली. नागपूरहून मी वर्षातून तीनदा अशी शनिवार-रविवारची ट्रिप काढते, फक्त आया आणि लहान मुलींची. त्यातला हा सगळ्यांत गाजलेला भाग. आमच्याकडच्या मुलींनी तलाव भरपूर पाहिलेले असतात, समुद्र बहुतेकींनी नाही. म्हणून बसचे पडदे लावून आणायचं, डोळे मिटवून उतरवायचं, समुद्राकडे तोंड करून रांगेत उभं करायचं. आयांनी मात्र समुद्राकडे पाठ करायची आणि आपापल्या मुलीसमोर उभं राहायचं. मी तीन म्हटलं की मुली डोळे उघडतात. मुली समुद्र बघतात, आया मुलींचा चेहरा. समुद्र तुम्ही नंतर बघा, तो कुठे जात नाही, असं मी आयांना आधीच सांगून ठेवते.

त्या दिवशी माझी असिस्टंट कल्पना मुलींच्या मागून व्हिडिओ काढत होती. फ्रेममध्ये सगळ्या याव्यात म्हणून तिनं ऐनवेळी मुलींना दोन पावलं डावीकडे सरकवलं. आयाही सरकल्या. सुजाता सरकली नाही. तिची आठ वर्षांची मुलगी, मैत्री, पिवळ्या स्वेटरमध्ये बाजूला उभी होती, आणि सुजाता शेजारच्या मुलीच्या चेहऱ्याकडे एकटक, हसऱ्या तोंडानं बघत होती.

मी थांबायला हवं होतं. पण पावणेसात वाजले होते, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते आणि साडेसातला जेवणाची टेबलं बुक होती. मी "तीन" म्हटलं.

बारा मुली किंचाळल्या. मैत्री नाही. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं. पडलेल्या दाताची खिडकी दिसली. भुवया हळूहळू वर गेल्या. मग तिनं आईला शोधलं.

"उघडले का वं डोळे?" सुजाता विचारत होती. ज्या मुलीला विचारत होती, तिनं तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"आई, मी इकडं हावो," मैत्री म्हणाली.

सुजाता आवाजाच्या दिशेनं वळली. हात पुढे करून तिनं मैत्रीचे गाल चाचपले, आणि मग माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत लागलं.

दीड महिन्यापूर्वी सुजाता मैत्रीला घेऊन कामठीहून माझ्या ऑफिसात आली होती. ब्लाउज शिवते. दोघींची जागा पक्की केली, फॉर्म भरला. 'आरोग्य' या रकान्यात लिहिलं, 'ठीक'. सही करताना ती रेघेच्या खाली गेली. उठताना टेबलाच्या कडेवरचा पाण्याचा ग्लास तिच्या कोपरानं पडला. जिना उतरताना तिनं मुलीचा हात धरला नाही, खांदा धरला. हे सगळं मी पाहिलं होतं. पाहिलं होतं इतकंच.

जाता जाता तिनं विचारलं होतं, "मॅडम, ते डोळे उघडाचं सकाळी नाही होत का?"

"सुजाताताई, सगळी मजा संध्याकाळची आहे. दिवे लागतात. सकाळी काय, नुसतं पाणी."

"मले नुसतं पाणी चालते."

"तुम्हाला चालेल हो, बाकीच्या बारा जणी मला समुद्रात ढकलतील!"

ती हसली. "किती वाजता राहते मंग?"

"पावणेसात."

तिनं मान हलवली. मी आयटिनररी, म्हणजे तासातासाचा कार्यक्रम, तिच्या हातात दिला. तो तेव्हाच लॅमिनेट करून झालेला होता. लॅमिनेट केलेला कागद मी बदलत नाही, हे माझ्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

कल्पनानं मुलींना भेळेच्या गाडीकडे नेलं. मी सुजाताजवळ कठड्यावर बसले.

"केव्हापासून?"

"पाच वर्सं झाले. आधी अंधारात दिसेनासं झालं. आता बाजूचं बी जाते. नळीतून पाहावं तसं दिसते. डॉक्टर म्हणते, मधलं बी जाईन."

"कधी?"

"ते कोणीच सांगत नाही. उजेड असला तर अजून दिसते चांगलं. सुईत दोरा मैत्री ओवून देते."

"अहो, मग सांगायचं ना! फॉर्मवर 'ठीक' काय लिहिलंत?"

"सांगितलं असतं तर नेलं असतं का तुमी?"

माझ्या नियमावलीत सहावा मुद्दा आहे: आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसोबत दुसरी मोठी व्यक्ती हवी. आणि ही ट्रिप फक्त आई-मुलीची. नसतं नेलं.

तिनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, "तुमी पाहिली ना तिले? कशी दिसली?"

सव्वीस जणींच्या बर्थ, खोल्या आणि ॲलर्जी मला तोंडपाठ होत्या. त्या चेहऱ्याचं मला सांगता येईना. तोंड उघडं राहिलं, दाताची खिडकी दिसली, भुवया वर गेल्या, असं मी एकेक सांगत गेले. यादी वाचल्यासारखं. ती "हो? अन् मंग?" म्हणत राहिली. चौथी गोष्ट माझ्याकडे नव्हती.

कल्पनाचा व्हिडिओ पाहिला. त्यात मुलींच्या तेरा पाठी होत्या.

रविवारी बस नऊला निघणार होती. नाश्ता आणि हेडकाउंट, म्हणजे माणसं मोजणं, मी कल्पनावर सोपवलं आणि सातला दोघींना टॅक्सीनं परत तिथेच नेलं. स्वच्छ उजेड होता. मी सुजाताला मैत्रीच्या बरोबर समोर उभं केलं, मुलीच्या तोंडावर उजेड येईल असं. मैत्रीनं न सांगता डोळे मिटले.

"एक, दोन, तीन."

"अगं माय! आई, केवढा मोठा हाय वं हा!" मैत्री ओरडली. दोन्ही हात तोंडावर ठेवले, उड्या मारल्या. सुजातानं ते हात बाजूला केले आणि तिचा चेहरा अगदी जवळून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, थोडा थोडा करत पाहिला. ती हसत होती. मीही स्वतःवर खूश झाले. काम दुरुस्त केलं, असं मला वाटलं.

परतताना मैत्री टॅक्सीत पुढे बसली आणि ड्रायव्हरला या समुद्राला दुसरा काठ आहे का, ते विचारू लागली. मी हळूच म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

"लय चांगलं केलं पोरीनं," सुजाता म्हणाली. "माह्यासाठी केलं."

"म्हणजे?"

"मॅडम, समुद्र तं तिनं कालच पाहिला. आज तिनं मले पाहिलं." ती खिडकीकडे वळली. "पोरगी खरं बोलून राहिली का खोटं, ते उजेडात मले अजून दिसते."

बस नऊला निघाली. सायन्स सेंटर, जेवण, खरेदी, स्टेशन, सगळं वेळेवर झालं. गाडीत सव्वीसच्या सव्वीस मोजून घेतल्या.

यंदा दिवाळीआधी मी तिला फोन केला. मैत्रीनं उचलला. आई आता काळा कपडा शिवायला घेत नाही, म्हणाली. मग म्हणाली, "रंगीत बी नाही घेत."

तो कार्यक्रम मी आता सकाळी पावणेआठला ठेवते. व्हिडिओ आम्ही समोरून काढतो. समुद्र दिसत नाही अशी तक्रार येते, ती मी ऐकून घेते. सहावा मुद्दा काढून टाकला, त्याऐवजी कल्पनासोबत आणखी एक बाई नेते. फॉर्मवर 'आरोग्य' रकान्याखाली एक ओळ वाढवली आहे: उत्तर काहीही असलं तरी तुमची जागा पक्की आहे.

आणि कोणी वेळ बदलून मागितली, तर आधी 'काहून', म्हणजे 'कशासाठी', ते विचारते. 'नाही' नंतरही म्हणता येतं.