चुकीच्या तारखेला अडवलेली पौर्णिमा

तुळजापुरात आमच्या पुजारी घराण्याच्या घरी वरच्या मजल्यावर यात्रेकरूंसाठी दोन खोल्या आहेत. ईट गावचं एक शेतकरी कुटुंब दर चैत्री पौर्णिमेला तिथंच उतरतं. माझ्या आजोबांच्या काळापासून. ती मंडळी आगाऊ कळवत नाहीत, आणि कळवावं अशी अपेक्षा आम्हीही कधी केली नाही.

या खोल्या मी भाड्यानं देण्यासाठी दोन संकेतस्थळांवर टाकल्या होत्या. एकीकडे तारीख अडवली की दुसरीकडेही अडावी, म्हणून दोन्ही कॅलेंडरं एकमेकांना जोडून घेतली आणि ईटकरांसाठी गेल्या वर्षीची पौर्णिमेची तारीख अडवून टाकली. पौर्णिमा यंदा अकरा दिवस आधी होती. लोकांना मुहूर्त काढून देणाऱ्या मला खुंटीवरचं पंचांग उघडावंसं वाटलं नाही, हे कबूल करतो. दोन्ही कॅलेंडरांनी माझी चूक अत्यंत एकदिलानं पाळली.

खऱ्या पौर्णिमेच्या सकाळी दोन्ही खोल्यांत पुण्याचे पाहुणे होते आणि दारात ईटचा टेम्पो. चौदा माणसं उतरली. खरं सांगण्याचं धैर्य न होऊन मी त्यांच्यातल्या वयोवृद्ध कर्त्या गृहस्थांना म्हणालो, "वर चुना मारायला काढलाय."

तेवढ्यात जिन्यावरून टॉवेल गुंडाळलेले एक पाहुणे डोकावले आणि गरम पाणी कधी येईल, असं विचारू लागले.

म्हाताऱ्यांनी त्यांना नीट न्याहाळलं. "पुजारी, रंगारी लई गोरा गावला तुमाला."

मग मी सगळं सांगितलं.

"म्हंजी दोन यंत्रं, एक पुजारी, आन पुनव कुणालाच ठावं न्हाय?"

"न्हाय," मीही म्हणालो.

"मग आमी आता दुसरा पुजारी बघावा का?" हे विचारताना त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

आतून पत्नी म्हणाली, "काका, आमची खोली आणि माजघर मोकळं करते. हे गच्चीवर झोपतील."

"एकटंच?"

"चूक एकट्याचीच आहे."

म्हातारे हसले आणि बोचकी आत गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसताना ते म्हणाले, "फुडल्या साली पुनवेलाच येतो. तुमी फकस्त आभाळाकडं बघत जावा."

टेम्पो वळेपर्यंत मी हात जोडून उभा होतो.