राजाचं ऐकावं

दगडूतात्या ग्रंथ वाचताना ओळीखालून बोट फिरवत आणि मधूनच मान वर करून विचारत, "समजलं का?" कुणीच मान डोलावली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. गावातले चलाख लोक न ऐकताच मान डोलावत. मी त्यांतला.

बेल्ह्याजवळच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो, तात्या गवंडी. विहारापुढचा ओटा त्यांच्या हातचा. विहार एवढासा, त्यामुळे वर्षावासात, पावसाळ्यातल्या वाचनाच्या तीन महिन्यांत, निम्मी मंडळी ओट्यावर बसून ऐकत. एकदा त्यांनी वाचलं, की वर्षावास महिनाभर पुढे ढकलाल का, असा निरोप मगधाच्या राजाने धाडला आणि बुद्धांनी भिक्खूंना सांगितलं, राजाचं ऐका. एरवी माझ्या काही लक्षात राहत नसे, नेमकं तेवढं राहिलं.

पुढे रस्ता रुंद करायचा ठरला. मी टेप धरला तो विहारासमोरच्या पाटलांच्या गोठ्याच्या भिंतीपासून. सावली तिकडे होती, चहाही तिकडेच. ओटा तीन फूट रस्त्यात निघाला. नोटीस घेऊन विहारात गेलो तर तिथली पोरं खवळली. मग मी अक्कल पाजळली, की राजाचं ऐकावं असं बुद्धच सांगून गेलेत.

तात्यांनी नोटीस हातात घेतली.

"राजानं विचारलं व्हतं, भाऊ. तुमी कागद आणला."

मग घरातून घण घेऊन आले. आपलं काम दुसऱ्याच्या हातून पडायला नको, एवढंच पोरांना म्हणाले. दुपारपर्यंत ओटा नव्हता.

दिवाळीनंतर दप्तरात गावठाणाचा जुना नकाशा सापडला. गोठाच चार फूट रस्त्यात होता. तात्या कुणाच्या तरी भिंतीला गिलावा करत होते, तिथे जाऊन सांगितलं.

"लिहून द्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, तात्या, नोकरीचं बघावं लागतं. तोंडी कबूल करतोय ना.

"पाडायचं तोंडी व्हतं का?" थापी थांबली नाही.

उद्या देतो म्हणालो. पुढच्याच महिन्यात माझी लांब डोंगरात, आहुप्याकडे बदली झाली. लोकांना सांगितलं, शिक्षा म्हणून धाडलं. अर्ज मीच केला होता.

काही वर्षांनी तात्या वारले. पुण्यानुमोदनाला गेलो. विहार भरलेला, बाकीचे ओटा होता तिथे, रस्त्यातच सतरंजीवर. बाजाराचा दिवस, गुरांचे टेम्पो येत होते. हॉर्न वाजला की सगळे उठत, सतरंजी उचलत, टेम्पो गेला की पुन्हा अंथरत. एका म्हातारीने सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं. पाच-सहा वेळा ते मी उचललं, पाच-सहा वेळा अंथरलं.