काडेपेट्यांतलं जंगल

चिकट बुरशीचे नमुने काडेपेटीत ठेवतात. कुजक्या लाकडाचा तुकडा तळाला डिंकाने चिकटवायचा, पेटीवर झाडाचं आणि जागेचं नाव लिहायचं, खण बंद करायचा. वारा लागत नाही, नाजूक देठ मोडत नाहीत. या विषयात काम करणारे बहुतेक सगळे असंच करतात. मी बडोद्याच्या मांडवी बाजारातून काडेपेट्यांचे पुडे आणायची आणि काड्या बिस्किटांच्या डब्यात ओतून ठेवायची. सासूबाई त्या डब्याकडे बघून म्हणायच्या, या घरात देवापुढचा दिवा काही विझायचा नाही.

बुरशी म्हणतात, पण ती बुरशी नाही, झाड नाही आणि जनावरही नाही. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर एक ओला लगदा सरकताना दिसतो. त्याला हात नाहीत, तोंड नाही, तरी वाटेत येईल ते बारीकसारीक अंगाखाली घेऊन जिवंत पचवतो. खायला संपलं की उघड्यावर येतो आणि त्याची टाचणीच्या डोक्याएवढी फळं होतात. तीही फुटतात आणि आतली भुकटी वाऱ्यावर जाते. कॉलेजात माझ्या वर्गातल्या मुलींना हे सगळं किळसवाणं वाटतं. मला त्याचा दांडगेपणाच आवडतो. माझाही स्वभाव काही मवाळ नाही.

पावागढच्या पलीकडच्या अभयारण्यात या जिवाचे किती प्रकार आहेत हे मी काही वर्षं शोधत होते. नवरा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. सुटीच्या दिवशी तो गाडी चालवायचा आणि माझी पिशवी वाहायचा. त्या वर्षी होळी तोंडावर आलेली असताना आम्ही गेलो. आदल्या पावसाळ्यांतले नमुनेही मी बरोबर घेतले होते, कारण कुठला नमुना कुठल्या ओंडक्यावरचा हे जागेवर ताडून बघायचं होतं. वाळक्या सागाच्या रानात, तापत्या उन्हात, खांद्यावर काडेपेट्यांनी भरलेली पिशवी. यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. काडेपेटी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आग येतच नसे.

सकाळभर मी ओढ्याच्या घळीत पालथी पडून ओंडक्यांच्या पोटाशी भिंग लावत होते. नवरा कंटाळून टेकडीवर फिरून आला. दुपारी त्याच टेकडीवरून धूर उठला. पाचोळा तडतडत पेटत खाली येऊ लागला तसे आम्ही गाडीच्या दिशेने निघालो, तर वाटेत माणसं आडवी आली. गावातली माणसं होती, हिरव्या फांद्यांनी वणवा झोडपून आलेली. तोंडं काळी, डोळे लाल. निळ्या शर्टातल्या एकाच्या तळहातांची कातडी सोलून लोंबत होती. त्याने पिशवीकडे बोट केलं.

मी पिशवी उघडली. आत नुसत्या काडेपेट्या.

“आग तमे लगाडी?” निळ्या शर्टवाल्याने विचारलं.

मी गुजरातीत ठणकावून सांगितलं की पेट्या रिकाम्या आहेत, त्यांत बुरशी आहे, मी कॉलेजात शिकवते, आणि माझ्या नवऱ्याला साध्या सुपारीचंही व्यसन नाही. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. त्यांनी पेट्या उघडायला सुरुवात केली. पहिलीत अंड्याच्या बलकासारखी पिवळी साय होती, तिच्यात अंगठा गेला. दुसरीत तपकिरी केसांचा झुबका होता, तो एकाने फुंकून दिला. गुलाबी मणी चिरडले. सोन्याच्या तारेची जिलबी घालावी तसं एक जाळं होतं, फार हुडकून सापडलेलं, ते पायाखाली गेलं. राखाडी, विटकरी, पांढरी, मोरपिसासारखी निळी भुकटी त्यांच्या काजळलेल्या बोटांना लागत होती. मी ओरडत होते की हळू, हळू. पण पेट्यांत काड्या नव्हत्या हेही त्यांना दिसत होतं आणि त्यांचे हात सैल पडत चालले होते.

मग एक पेटी खुळखुळली. तिच्यावर कसलंही नाव लिहिलेलं नव्हतं आणि ती काड्यांनी अर्धी भरलेली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याच्या खिशातून सिगारेटचं पाकीट निघालं, आणि माझ्या पेट्यांच्या गर्दीत आपली पेटी लपवून तो किती दिवस माझ्याबरोबर हिंडत होता हे मला तिथे, त्या सगळ्यांसमोर कळलं.

पुढे जे झालं ते फार भराभर झालं. निळ्या शर्टवाल्याने त्या सोललेल्या हातांनीच कुऱ्हाडीचा दांडा धरला आणि नवऱ्याच्या तोंडावर मारला. हाडाचा आवाज मला ऐकू आला. तो पडल्यावर बाकीचे लाथा घालू लागले. एकाने आगीकडे हात केला आणि याला तिकडेच फेका म्हणाला, आणि दोघांनी त्याचे पाय धरलेही. मी निळ्या शर्टवाल्याच्या दंडाला कडकडून चावले. तोंडात राख, घाम आणि रक्त आलं तरी सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने माझं डोकं झाडावर आपटलं तेव्हा सुटले. वनरक्षक मोटारसायकलवरून शिट्टी फुंकत आला म्हणून नवरा वाचला. नाहीतर त्याला त्यांनी आगीत टाकलाच असता.

बडोद्याला दवाखान्यात नेईपर्यंत त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. डाव्या गालाचं हाड तडकलं होतं, पुढचे दात गेले होते. सासरे आले. त्यांचे पूर्वज गायकवाडी फौजेत होते आणि त्यांना त्याचा अजून अभिमान. ते सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते की एकेकाला आत घातल्याशिवाय सोडायचं नाही. माझंही तेच मत होतं. मला त्या माणसांची हाडं मोडलेली बघायची होती. निळ्या शर्टवाल्याला पोलिसांनी धरलं होतं. हवालदार त्याचा फोटो घेऊन बाहेर व्हरांड्यात बसला होता. मी ओळख पटवली की तो तुरुंगात जाणार हे नक्की होतं.

हवालदाराकडे जाण्याआधी मी नवऱ्याच्या खाटेशी बसले. सिगारेटवरून भांडायची ती वेळ नव्हती. मला एवढंच त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की वणव्याशी आपला काही संबंध नाही. सकाळी टेकडीवर ओढलीस का, म्हणून विचारलं. त्याने हो म्हणून मान हलवली. मग थोटकाचं काय केलंस, असं विचारलं.

“अगं, विझवली होती मी,” तो सुजलेल्या ओठांतून म्हणाला. मग छताकडे बघत म्हणाला, “बहुतेक.”

त्याचा उजवा गाल शाबूत होता. मी त्यावर एक सणसणीत ठेवून दिली. नर्स धावत आली, सासरे दारात उभे राहिले, मी कोणाला काही सांगितलं नाही.

बाहेर हवालदाराने फोन पुढे केला. फोटोत निळा शर्ट तोच होता, दंडावर माझे दात उमटलेले होते आणि दोन्ही हात बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत बांधलेले होते. मी म्हटलं, या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही.