खोगिराखालचा हात

रिटायर झालेली माणसं प्लॉट घेतात, कुंडलिक वाघमारेने घोडी घेतली. शेजारपाजाऱ्यांना हसायला आयतंच कारण मिळालं. बायको वच्छला दोन वर्षांपूर्वी गेली, पोरबाळ नाही. दर महिन्याला हा गडी घोडीवर बसून, मुक्काम करत करत नातेपुत्याला बहिणीकडे जायचा. एसटी आहे की, हे सांगणारे पुष्कळ. पण एसटीत शेजारचा माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. घोडीवरच्या माणसाला मात्र गावोगाव कोणीतरी हटकतंच. कुठून आलात, कुठं निघालात, चहा घ्या. महिनाभराचं बोलणं त्याला तिथंच मिळायचं.

यंदा घोडी वयाने उतरली, पाठीवरचं मांस गेलं आणि जुनं खोगीर तिला रुतायला लागलं. शुक्रवार पेठेत गुरुसिद्धप्पा घोड्यांचं सामान शिवतो. त्याने नवं खोगीर करून दिलं आणि बजावलं, "नुसतं ठिवून बघू नका. तुमी वर बसा, अन् घरच्या कुणाला तरी खाली हात घालायला सांगा. जितं हाताला चिमटा बसंल, तितं घोडीला जखम व्हणार."

कुंडलिकने मान डोलावली. घरी कोणी नाही, हे सांगायला त्याची जीभच रेटली नाही. शेजाऱ्याला हाक मारावी, तर तो हसणार. मग या शहाण्याने खोगिरावर ज्वारीचं पोतं बांधलं आणि स्वतःच खाली हात घालून पाहिलं. पोतं काही माणसासारखं डुलत नाही. हाताला काही लागलं नाही आणि सकाळी स्वारी निघाली.

मोहोळच्या अलीकडेच घोडी अंग चोरायला लागली. त्याने उतरून खोगीर काढलं. सगळी पाठ घामाने भिजलेली, डावीकडे तेवढा एक कोरडा डाग. दाब बसला होता तो तिथेच, आणि सूजही तिथेच. खोगीर स्वतःच्या खांद्यावर टाकून तो लगाम धरून चालत परत आला.

ती पाठ बघून गुरुसिद्धप्पा भडकलाच. "खाली हात कुणी घातला हुता? घरात एक माणूस न्हाय व्हय नीट बघणारं?"

"न्हाय," कुंडलिक म्हणाला. "वच्छला गेल्यापास्नं कोणच न्हाय. पोतं बांदून बघितलं."

सूज उतरल्यावर गुरुसिद्धप्पा स्वतःच घरी आला. कुंडलिकला वर बसवलं, खाली हात घातला, घोडी चार पावलं चालवली. डावीकडचं भरण थोडं काढलं, परत बसवलं, परत चालवली.

"आता झ्याक बसलंय," तो म्हणाला. "उतरा."

बसलंय, हे कुंडलिकलाही कळत होतं. घोडी शांत उभी होती. आता हा माणूस हात धुणार, चहा पिणार आणि पेठेत परत जाणार. मग अंगणात पुन्हा आपण एकटे. त्याला ते सोसवेना.

"डावीकडं अजून जरा रुततंय वाटतं," तो वरूनच म्हणाला. "बघा की."

गुरुसिद्धप्पाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुन्हा खाली घातला.